शहराने बिघडवलं?

गावचा पोरगा नोकरीसाठी मुंबईला येतो. चर्चगेटच्या मुतारीत रेंगाळणाऱ्या नजरा आधी त्याला कळतच नाहीत. मग कळतं, आपण एकटे नाही. पण त्याच अंधारात, हल्ली मोबाईलच्या अ‍ॅपवरही, भामटा टपलेला असतो: पैसे दे, नाहीतर घरी सांगतो.

आपण म्हणतो, शहराने बिघडवलं. साफ खोटं! ओढ त्याने गावाहूनच आणली होती. अंधार आपण दिला. १८६० च्या ३७७ कलमातून प्रौढांचे संमतीचे संबंध सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये वगळले. तरी भामट्याचा धंदा चालतो, कारण त्याचं भांडवल कायदा नव्हे, अब्बा-अम्मीची भीती आहे.

हा अंधार जाणत्यांनाही गिळतो. अलिगढला मराठी शिकवणारे प्रा. सिरस आठवा. २०१० मध्ये कॅमेरा घेऊन लोक त्यांच्या घरात घुसले. विद्यापीठाने निलंबित केलं सिरसांनाच. दोन महिन्यांत ते गेले.

गुनाह, गुनाह म्हणणाऱ्यांनो, सूरह हुजुरातने (४९:१२) दुसऱ्याची टोह घेणं आणि गीबत मना केली, ती कुणासाठी? पोराला एवढंच सांगा: काहीही झालं तरी आधी आमच्याकडे ये. भामट्याचं दुकान त्याच दिवशी बंद होईल.