काळ्या मातीवरील पाया आणि पाण्याची वाट

वैशाखात गोदामाच्या भिंतीला तडा पडला की आपण गवंड्याला बोलावतो, तडा सिमेंटने बुजवतो, वरून रंगाचा हात देतो आणि काम संपले असे समजतो. पावसाळा सरता सरता त्या भिंतीची दारे चौकटीत घट्ट बसू लागतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात जुन्या तड्याशेजारी नवा तडा उघडतो. मोरगाव, बारामती, इंदापूर या भागांत ज्यांची दुकाने व घरे काळ्या मातीवर उभी आहेत, त्यांना हा अनुभव नवा नाही. असा खर्च वर्षानुवर्षे खातेवहीत ‘किरकोळ दुरुस्ती’ या सदरी पडत राहतो. त्यामागचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे.

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज विपुल असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. शेतातल्या उन्हाळी भेगा आपण पाहतोच. त्याच भेगा जोत्याखालीही पडत असतात. सगळी माती सारखीच फुगली तर घर सगळेच उचलले जाईल आणि फारसे बिघडणार नाही. बिघडते ते असमान ओलीने. एका कोपऱ्यात न्हाणीघराचे पाणी मुरते, दुसरा कोपरा उन्हात तापतो, आणि खिडकीच्या कोनापासून तिरपा तडा निघतो. जाड, वजनदार भिंतीपेक्षा हलकी कुंपणभिंत, ओटा आणि फरशी आधी उचलली जातात, हेही ध्यानी ठेवावे. मातीच्या फुगण्याला वजनच थोडेफार दाबून धरते.

आपल्या तालुक्यांत या प्रश्नाला दोन रूपे आहेत. मोरगावचा परिसर जिरायती, पर्जन्यछायेतला. येथे माळावर मुरूम लवकर लागतो, सखल भागात काळीचा थर जाड असतो, आणि कोरड्या-ओल्याचा फेरा तीव्र असतो. याउलट नीरेच्या पट्ट्यात १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला आणि पाटाच्या पाण्याने बागायत पिकली. त्याच पाण्याने निचऱ्याविना भूजल वर आणले व जमिनी चोपण झाल्या. हॅरॉल्ड मान आणि तांहणे यांनी १९१० मध्येच नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींवर अभ्यास प्रसिद्ध केला होता. शेतातून चर काढण्याची गरज शेतकऱ्याला तेव्हापासून ठाऊक आहे. घराच्या बाबतीत मात्र आपण अजून सिमेंटच्या गोण्याच मोजतो. अशा ठिकाणी क्षारयुक्त ओल भिंतीत चढून गिलाव्याचे पापुद्रे पाडते, आणि नवा गिलावा तिला फार काळ अडवू शकत नाही.

ज्यांची मुले टोरांटोकडे स्थायिक झाली आहेत, त्यांना तिकडची पद्धत ऐकून नवल वाटते. तेथे हिवाळ्यात जमीन गोठते, मातीत बर्फाचे थर वाढतात आणि उथळ पाया वर ढकलला जातो; म्हणून पाया सुमारे १.२ मीटर खोल नेतात आणि त्याच्या तळाशी सच्छिद्र नळी टाकून पाणी बाहेर काढतात. तेथे कारण थंडी, येथे कारण माती. पायापासून पाणी दूर नेण्याची खबरदारी दोन्हीकडे सारखीच.

नवे बांधकाम करणाऱ्यांनी आधी खड्डा घेऊन मुरूम किती खोलीवर आहे ते पाहावे. मुरूम जवळ असेल तर पाया त्यावरच टेकवावा. काळी माती खोल असेल, तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर गड्डा असलेले खांब विचारात घ्यावेत. ते साधारण ३.५ मीटर खोल, म्हणजे ऋतूनुसार ओल बदलणाऱ्या थराखाली नेतात. फरशीखालची काळी माती काढून मुरूम थराथराने ठोकून भरावा. न फुगणाऱ्या मातीचा असा थर काळ्या मातीचे फुगणे रोखतो, हे मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवून दिले. पायाच्या चरात वाळू भरून निश्चिंत होणे मला योग्य वाटत नाही. पाण्याला बाहेर वाट नसेल तर तो चर हौद बनतो.

आपल्या शास्त्रांत पंधरा कर्मादानांमध्ये भूमी खोदून उपजीविका करणे, म्हणजे फोडीकर्म, वर्ज्य सांगितले आहे. घर बांधणे हा व्यवसाय नव्हे, तरी खोदाई गरजेपुरतीच करावी, चातुर्मासापूर्वी संपवावी आणि चर उघडा ठेवू नये. उघड्या चरात जीव पडतात, आणि पाणी साचून तळाची मातीही बिघडते. म्हणून रात्री झाकण आणि शक्य तितक्या लवकर काँक्रीट.

जुन्या घरांचे काम यापेक्षा सोपे व स्वस्त आहे. भिंतीभोवती किमान एक मीटर रुंदीची, बाहेर उतार असलेली फरसबंदी करावी. पन्हळीचे पाणी नळीने गटारापर्यंत न्यावे. शोषखड्डा, पाण्याची भूमिगत टाकी, बागेचा पाट यांना पायापासून लांब ठेवावे. जुन्या टाकीची गळती वर्षातून एकदा तपासावी. भिंतीलगतचे मोठे झाड उन्हाळ्यात मातीतली ओल ओढून घेते, हे खरे. पण ते एकदम तोडले तर माती पुन्हा ओल धरून फुगते आणि नवे तडे पडतात. झाड राखून ओल समान ठेवण्याचा उपाय दोन्ही अंगांनी श्रेयस्कर. नवे झाड लावताना मात्र त्याच्या भावी उंचीइतके अंतर सोडावे.

तडा बुजवण्याची घाई करू नये. त्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करून अंतर मोजावे व तारखेसह नोंदवावे. अक्षय्य तृतीया, पर्युषण, दिवाळी आणि महावीर जयंती असे चार वेळा मोजले, तर तडा ऋतूबरोबर उघडतो-मिटतो की सतत वाढतो, ते कळेल. पहिल्या प्रकारात आधी पाण्याची व्यवस्था करावी. दुसऱ्या प्रकारात अभियंत्याला बोलवावे, आणि ती वहीही त्याच्यासमोर ठेवावी.