पासष्टी आली म्हणून अपंगत्व जात नाही

संजय गांधी निराधार अनुदान योजना ६५ वर्षांपर्यंतच. त्यानंतर अपंग लाभार्थ्याला श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेत जावे लागते. कागदावर हा साधा बदल. पण खरी गोम इथेच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने या दोन्ही योजनांतील अपंगांचे अर्थसहाय्य दरमहा १,५०० वरून २,५०० रुपये केले. इतर वृद्धांना ही वाढ मिळाली नाही. म्हणजे नव्या यादीत नाव नुसते ‘वृद्ध’ म्हणून चढले आणि अपंगत्वाची नोंद मागे राहिली, तर महिन्याला हजार रुपये बुडाले! पासष्टीनंतर गेलेला पाय परत येतो काय?

संविधानाच्या कलम ४१ मध्ये वार्धक्य आणि विकलांगता एकाच यादीत आहेत. एक आले की दुसरे पुसा, असे त्यात कुठेही नाही. अपंगत्वाचे प्रमाणपत्र शासनाकडे आधीच जमा आहे. ती नोंद पुढे नेणे हे शासनाचे काम. म्हाताऱ्या अपंगाला पुन्हा खेटे घालायला लावणे हा अन्याय आहे.

कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीतील पासष्टीला टेकलेल्या अपंगांची यादी करावी. तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी आश्वासनावर परत फिरू नये.