गच्चीवरची माती आणि आपल्या रानातली राख



मुंबईत झाड लावायचे म्हटले की पहिला प्रश्न मातीचा. मातीची पिशवीसुद्धा तिथे विकत आणावी लागते. अशा शहरात डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर भाजीपाला आणि फळझाडे वाढवून दाखवली. त्यांनी माती थोडीच वापरली. मुख्य भर उसाच्या चिपाडावर आणि पालापाचोळ्यावर. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवरही २००२ साली प्रीती पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवून बाग उभी केली. पुढे शहरातली तरुण पोरे अशा बागांत येऊन माती कशी तयार होते ते शिकू लागली.

आता आपल्याकडे पाहू. ज्या उसाच्या टाकाऊ भागातून शहरवाले माती बनवतात, त्याच उसाचे एकरी तीन-चार टन पाचट आपण तोड झाली की काडी लावून मोकळे होतो. त्यात सेंद्रिय कर्ब असतो, नत्र असते. ते धुरावाटे निघून जाते आणि मग आपण युरियाच्या पोत्यासाठी सोसायटीत रांग लावतो. हा व्यवहार कुठल्या हिशेबात बसतो?

पाचटाने पाणी पुढे सरकत नाही, उंदीर होतात, खत देता येत नाही, असे सभासद सांगतात. अडचणी खऱ्या आहेत, पण त्यांना तोड आहे. पाचट एक सरी आड ठेवावे, मोकळ्या सरीतून पाणी द्यावे, खत पहारीने द्यावे. कुजण्यासाठी टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू संवर्धक पुरते.

तरीही आमचे मत असे, की नुसते आम्ही सांगून हे व्हायचे नाही. घरातल्या पोराने विचारले पाहिजे, 'आबा, पाचट का पेटवताय?' पर्यावरण हा विषय शिकवावा असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला, शालेय पोषण परसबागांच्या मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने २०१९ साली काढल्या. पण पुष्कळ ठिकाणी हा विषय वहीत आणि मार्कांतच अडकलेला दिसतो. आपल्याकडे जागा आहे, पाणी आहे, शेण आहे. गच्ची शोधायची गरज नाही.

म्हणून आमची सूचना अशी. कार्यक्षेत्रातल्या प्रत्येक शाळेने एक गुंठा परसबागेसाठी काढावा. शेजारच्या सभासदाने तिथे दोन बैलगाड्या पाचट टाकावे. मुलांनी ते शेणकाल्यात कुजवावे, त्यावर मेथी, वांगी, शेवगा लावावा, आणि भाजी शाळेच्याच खिचडीत पडावी. खड्डा आखून द्यायला आमचे शेतकी मदतनीस येतील. मुख्याध्यापकांनी गट ऑफिसात निरोप द्यावा.

आणि सभासदांनी यंदा निदान एका एकराच्या खोडव्यात पाचट राखावे. पोरांना शाळेत कुजवायला शिकवायचे आणि घरी त्यांच्यासमोर पेटवायचे, हे बरे दिसत नाही.

– ऊसविकास अधिकारी