चिठ्ठी आणि जोडा

बँकेच्या काउंटरवर वीस वर्षे काढली की माणसाला एक खोड लागते. सही, शिक्का आणि तारीख पाहिल्याशिवाय आज सूर्य उगवला हेदेखील त्याला पटत नाही. ही खोड बरोबर घेऊन मी आमच्या सोसायटीच्या सभेला गेलो, इथेच चुकले.

विषय होता उपविधीतील दुरुस्तीचा. ज्याची गाडी आज जिथे उभी राहते, ती जागा कायमची त्याची. अध्यक्षांच्या दोन गाड्या आज दोन जागी उभ्या राहतात आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींच्या मुलाला गाडी गल्लीत लावावी लागते, हा निव्वळ योगायोग. अध्यक्षांनी ठराव वाचला, ‘‘सर्वांना मान्य?’’ असे विचारले आणि त्याच श्वासात ‘‘मंजूर!’’ म्हणून टाकले.

मावशी उठल्या. ‘‘भाऊ, मतं तर मोजा न!’’

‘‘मतमोजणी विषयपत्रिकेवर नाही. बसा.’’

आता मला सांगा, जेवणाच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘घास चावून खावा’ असे कोणी छापते काय? दहा-बाराजणांनी हात वर केले. अध्यक्षांनी छताकडे पाहिले. मी तोंड उघडणार, तोच शेजारी कुजबुजले, ‘‘कायले उगाच राजेहो! आलुबोंडे थंडे होऊन राहिले.’’ मी बसलो. या देशातले निम्मे नियम आलुबोंडे थंड होऊ नयेत म्हणूनच मंजूर झाले असावेत.

घरी आल्यावर हिने एवढेच विचारले, ‘‘मॅनेजरने सांगितलं म्हणून बिनसहीचा चेक पास करता का हो?’’

‘‘छे! भलतंच काय?’’

‘‘मग आज काय केलंत?’’

त्या रात्री झोप लागेना आणि एकदम सुरतेची काँग्रेस आठवली. १९०७ सालचे ते अधिवेशन खरे तर आमच्या नागपूरला भरायचे. नेमस्त आणि जहाल यांच्या भांडणापायी ते सुरतेला गेले. अध्यक्षाच्या निवडीवर बोलायचे आहे, अशी चिठ्ठी टिळकांनी स्वागताध्यक्ष मालवींना पाठवली. उत्तर आले नाही. टिळक मंचावर चढले, तर त्यांना बोलता येणार नाही असा निर्णय झाला. मग प्रतिनिधींनाच विचारा, असे म्हणून टिळक हाताची घडी घालून उभे राहिले. इतक्यात मांडवातून एक जोडा आला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. मग खुर्च्या, लाठ्या, पोलीस.

पुढचे ऐका. त्या दिवसापासून जो तो जोड्याची चर्चा करतो. चिठ्ठीला उत्तर का दिले नाही, हे कोणी विचारत नाही. १९०८ साली अलाहाबादेला नेमस्तांनी काँग्रेसची घटना तयार केली, ती जहालांना बाहेर ठेवून. टिळक काँग्रेसमध्ये परतले ते १९१६ साली, लखनौला. फेकणाऱ्याने जोडा फेकला आणि अध्यक्षाचा अन्याय झाकून टाकला!

म्हणून माझे म्हणणे असे, की अध्यक्षाच्या मनमानीला जोडा हे उत्तर नव्हे. आणि आलुबोंडा तर मुळीच नव्हे. अध्यक्ष हा सभेचा मालक नसतो. सभा त्याला खुर्चीवर बसवते ती शिस्त राखायला, मते गिळायला नाही. हेन्री रॉबर्ट नावाच्या अमेरिकन लष्करी इंजिनियराने १८७६ साली सभेच्या नियमांचे पुस्तक काढले. अध्यक्षाचा निर्णय पटला नाही तर सभासदाने तिथल्या तिथे उभे राहून सभेकडे दाद मागावी, दुसऱ्याने अनुमोदन द्यावे आणि सभेने मत द्यावे, अशी त्यात सोय आहे. मावशी उठल्याच होत्या. अनुमोदन देणारा मी आलुबोंड्याकडे पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी कारकुनी कामाला लागलो. हजेरीवहीत सह्या ३१. उपविधी बदलायला हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश हवेत, म्हणजे २१. विरोधात होतो असे लिहून द्यायला मावशींसकट १३ जण निघाले. उरले १८. वजाबाकी चौथीतल्या पोरालाही येते, ‘मंजूर’ म्हणणाऱ्यालाच येत नाही! शिवाय निबंधकाकडे नोंद झाल्याखेरीज दुरुस्ती लागू होत नाही. अर्ज लिहिला, एक प्रत सेक्रेटरींना दिली, दुसरी निबंधकांच्या कार्यालयात नेली आणि दोन्हींची पोच घेतली.

‘‘पोच कशाला? आपण शेजारी न!’’ सेक्रेटरी म्हणाले.

‘‘म्हणूनच,’’ मी म्हणालो.

निकाल यायचा आहे. पुढच्या सभेला मी घरूनच खाऊन जाणार. जोडे दाराबाहेर काढून ठेवणार. खिशात मात्र चिठ्ठी असेल, दोन प्रतींत.