साडेतीन तासांचे बंदर

चिमूरला समुद्र नाही, त्यामुळे बंदर असण्याचा प्रश्नच येत नाही, असे मी परवापरवापर्यंत समजत होतो. तो समज ज्याच्यामुळे डळमळला तो आपल्याच महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी. नागपूरला जाऊन त्याने हॉटेलचा अभ्यासक्रम पुरा केला आणि आज तो कॅरिबियन समुद्रात फिरणाऱ्या एका प्रवासी जहाजाच्या मुदपाकखान्यात नोकरीला आहे. माघात घोडायात्रेला तो गावी आला होता. बालाजी महाराजांचा लाकडी घोडा निघायला अवकाश होता, चहाच्या टपरीवर आम्ही पाचसहा जण बसलो होतो आणि तो जहाजावरच्या गमती सांगत होता.

त्याचे जहाज रोज सकाळी एका नव्या बेटाला लागते. सातआठला प्रवासी उतरतात आणि संध्याकाळी पाचला जहाज सुटायचे असेल तर चार-साडेचारच्या आत सर्वांनी परत चढलेच पाहिजे. मधले सातआठ तास तुमचे. बेट पाहा, पोहा, खरेदी करा. जहाजाच्या कंपनीने काढलेल्या सहलीत तुम्ही असाल आणि तिला उशीर झाला, तर जहाज थांबते. स्वतःच्या हिंमतीवर गेलेल्यासाठी मात्र ते थांबत नाही. मग धक्क्यावरून पिशव्या सांभाळत धावणारी माणसे दिसतात आणि वरच्या डेकवरचे सहप्रवासी टाळ्या वाजवून त्यांना धीर देतात. (टाळ्या वाजवणे हा मनुष्यस्वभाव चिमुरात आणि कॅरिबियनमध्ये सारखाच दिसतो.) त्यात घड्याळाचा घोळ वेगळाच. जहाजावरचे घड्याळ एक वेळ दाखवते, बेटावरचे दुसरी. जो बेटाच्या घड्याळावर विसंबला तो फसण्याचा संभव.

त्याने दिलेले एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. मेक्सिकोचे कोझुमेल नावाचे बेट आहे. तिथे उतरणाऱ्या पुष्कळांना मुख्य भूमीवरचे टुलूम येथील माया लोकांचे प्राचीन अवशेष पाहायचे असतात. त्यासाठी बेटावरून दुसऱ्या बोटीने पाऊण तास पलीकडे जायचे, तिथून मोटारीने तासभर, आणि तितकेच परत यायचे. रांगा आणि वाट पाहणे धरले तर दिवसाचा मोठा भाग वाटेतच सरतो आणि अवशेषांसमोर माणूस घड्याळाकडे पाहत उभा राहतो. खुद्द कोझुमेल बेटावर सान हेर्वासिओ नावाचे माया लोकांचेच जुने देवस्थान आहे. पण ते फारसे प्रसिद्ध नाही म्हणून कित्येक जण तिकडे फिरकतही नाहीत. उलट बार्बाडोसला उतरलेला शहाणा क्रिकेटवेडा बंदरापासून चालत केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर जातो. १९७१ साली सुनील गावसकरांनी नाबाद ११७ धावा काढल्या ते हे मैदान. तो तासभर तिथे निवांत बसतो आणि वेळेवर जहाजावर परततो. आमचा हा मित्र दुसऱ्या प्रकारचा. तो म्हणाला, "निघायची वेळ आधी लिहायची अन् मग मागं मागं मोजत यायचं. जे उरलं ते आपलं."

हे ऐकताना मला आमची गेल्या वर्षीची सहल आठवली आणि कानाची पाळी तापली.

त्या सहलीच्या आयोजनात मीही होतो, तेव्हा दोष दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही. शनिवारी रात्री चिमूरहून निघालो. रविवारी शेगाव आणि लोणार. सोमवारी दौलताबाद, बीबी का मकबरा आणि वेरूळ. मंगळवारी अजिंठा आणि परत. कागदावर हा कार्यक्रम इतका देखणा दिसत होता की त्याच्या झेरॉक्स प्रती काढून वाटल्या. प्रत्यक्षात लोणारहून निघायलाच रात्र झाली. सोमवारी सगळे उशिरा उठले, न्याहारीला दीड तास गेला, किल्ला चढताना आमच्या दोन तुकड्या झाल्या आणि मकबऱ्यानंतर खरेदीचा आग्रह झाला. आम्ही वेरूळला पोचलो तेव्हा सूर्य मावळला होता आणि दार बंद झाले होते. "उद्या सकाळी पाहू," असे मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो. तेव्हा शेजारच्या चहावाल्याने सांगितले, "उद्या मंगळवार. वेरूळ मंगळवारी बंद असते." अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी, एवढी साधी गोष्ट. अजिंठ्याचा वार आम्ही पाहिला होता, वेरूळचा पाहिलाच नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणवणाऱ्या मी कैलास लेणे आजवर पाहिलेले नाही; त्याच्या बंद दाराबाहेरची भेळ मात्र खाल्ली आहे.

मंगळवारी अजिंठ्याला दुपारी पोचलो. फर्दापूरच्या फाट्याला आपली गाडी सोडून तिथल्या बसने लेण्यांपर्यंत जावे लागते, हेही हिशेबात धरलेले नव्हते. हातात राहिला सव्वा तास. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर प्रत्येकाला मिनिट-दोन मिनिटे मिळाली. सव्विसाव्या लेण्यातली महापरिनिर्वाणाची भव्य मूर्ती पाहायला आम्ही पोचलोच नाही. परतीच्या गाडीत मात्र "किती ठिकाणं झाली?" याची मोजदाद चालली होती आणि पाच हा आकडा सर्वांना समाधानकारक वाटला.

आता बाजू उलटून पाहा. आपण जसे तिथे प्रवासी होतो, तसे चिमूर हे दुसऱ्यांसाठी बंदर आहे. ताडोब्याच्या कोलारा दरवाजाकडे जाणारे पुष्कळ लोक नागपूरहून उमरेड, भिसी करत आपल्या गावातून जातात. माझा मोठा भाऊ जंगलात गाईड आहे, त्यामुळे त्यांचे वेळापत्रक मला पाठ आहे. सकाळची फेरी उजाडताना सुरू होते आणि दहा-साडेदहाला संपते. दुपारची दोन-अडीचच्या सुमारास. ऋतूप्रमाणे थोडा फरक पडतो, आणि मंगळवारी जंगलाचा गाभा बंदच असतो. म्हणजे दोन फेऱ्यांच्या मध्ये साडेतीन तास मोकळे. हे साडेतीन तास बहुतेक प्रवासी रिसॉर्टच्या खोलीत झोपून काढतात, आणि चिमूर हे त्यांच्या लेखी गतिरोधक असलेले एक गाव राहते.

मागच्या डिसेंबरात दादाचा फोन आला. सकाळच्या फेरीतल्या एका वृद्ध गृहस्थांनी त्याला विचारले होते, "चिमूर म्हणजे बेचाळीसचे चिमूर का हो?" दादा हो म्हणाला. ते म्हणाले, "मग मला तिथे घेऊन चला." त्यांनी वडिलांकडून चिमूर-आष्टीच्या कथा ऐकल्या होत्या. दादा त्यांना घेऊन हुतात्मा स्मारकाशी आला आणि मला म्हणाला, "तू लवकर ये, मला वाघाचं विचारलं तर सांगतो, हे तुझं काम आहे."

मी पोचलो तेव्हा सव्वाबारा झाले होते. दुपारच्या फेरीसाठी त्यांना दोनला दरवाजावर असायचे होते, जेवण व्हायचे होते आणि परतीचा रस्ता अर्ध्या-पाऊण तासाचा. मागे मागे मोजत आलो तर आमच्याकडे वीस मिनिटे होती. मी सांगू लागलो: १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी पेटलेले गाव, मिरवणूक, गोळीबार, बालाजी रायपूरकरांचे बलिदान, मग जमावाचा क्षोभ आणि त्यात मारले गेलेले सरकारी अधिकारी. रस्त्यावर झाडे पाडून गावाने वाट अडवली, आणि नंतर फौज आली तेव्हा घराघरांत, विशेषतः स्त्रियांवर, जे अत्याचार झाले ते. त्यांच्या चौकशीसाठी सेवाग्रामच्या प्रा. भन्साळींनी केलेला ६३ दिवसांचा उपवास. गृहस्थ मान हलवत ऐकत होते. मग त्यांनी विचारले, "हे नेमके कुठे घडले? मिरवणूक कुठून निघाली? बालाजी कुठे पडला? आपण त्या जागेवर उभे राहू शकतो का?"

मला उत्तर आले नाही. ज्या रस्त्याने मी रोज महाविद्यालयात येतो, कदाचित त्याच रस्त्यावर ती जागा असेल. मी इकडेतिकडे हात दाखवला. ते सभ्य गृहस्थ होते, काही बोलले नाहीत. घड्याळ पाहिले, स्मारकाला नमस्कार केला आणि जीपमध्ये बसले.

आमच्या एका सरांना हा प्रसंग सांगितला तेव्हा ते म्हणाले, "लोक वाघ पाहायला येतात, त्यांना इतिहास कशाला ऐकवायचा?" सरांचा मान राखून मला वाटते की शंभरातले पाच तरी ऐकतील, आणि त्या पाचांपुढे आपण निरुत्तर उभे राहणे ही आपली नामुष्की आहे. शिवाय ज्यांनी लहानपणी ते दिवस पाहिले, ती माणसे आज नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांच्याकडेही जहाज सुटण्याची वेळ जवळ आली आहे, असे म्हटले तर कठोर वाटेल, पण खोटे नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. इतिहास आणि मराठी विभागांच्या विद्यार्थ्यांनी या उन्हाळ्यात गावातल्या वडीलधाऱ्यांकडे, त्यांच्या मुलासुनांकडे बसून बेचाळीसच्या जागा निश्चित कराव्यात आणि त्यांची एक पायी फेरी आखावी. अकराला सुरू, सव्वाबाराला संपली पाहिजे. मग कुणाच्या तरी घरी किंवा खानावळीत जेवण आणि एकच्या आत पाहुणा रस्त्याला लागलेला. यात बालाजी मंदिर बसते. रामदेगी आणि गोंदेड्याची तपोभूमी त्यात कोंबू नयेत, कितीही मोह झाला तरी. ती मंगळवारच्या मोकळ्या दिवसासाठी ठेवावीत. पाहुणा उशिरा पोचून त्याची दुपारची फेरी बुडाली, तर पुन्हा कुणी चिमुरात उतरणार नाही.

आणि यंदाची सहल? समितीच्या पहिल्या बैठकीत सात ठिकाणांची यादी आली आहे. "एकाच ठिकाणासाठी वर्गणी कोण देणार?" असे माझे मित्र विचारतात, आणि तो प्रश्न खोटा नाही. तरी मी वेरूळ हे एकच नाव लिहून दिले आहे, पूर्ण दिवस, आणि वार बुधवार. कैलास लेण्यासाठी त्यात तीन तास धरले आहेत. बैठक येत्या शनिवारी ग्रंथालयाच्या वाचन कक्षात आहे. ज्यांना सातही ठिकाणे हवी आहेत त्यांनी जरूर यावे, येताना प्रत्येक ठिकाणाची उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ लिहून आणावी.