भंगार तोडणाऱ्या हातांसाठी

मुरबाडच्या एमआयडीसीत आणि शहापूरच्या आसनगाव-वासिंद पट्ट्यात आपल्या वस्त्यांतली पोरं ठेकेदाराकडे राबतात. काहींच्या वाट्याला भंगाराचे काम येते. लोक ते हलके समजतात. पण केंद्राच्या २०१९ च्या भंगार धोरणानुसार १ टन भंगार वापरले की १.१ टन लोहखनिज आणि ६३० किलो कोळसा वाचतो. असे काम हलके कसे?

भट्टीत टाकण्याआधी भंगार तोडावे लागते. त्याचे एक यंत्र मगरीच्या जबड्यासारखे असते. खालचे पाते स्थिर, वरचे सारखे उघडते-मिटते, आणि कामगार हाताने सळया, पाइप आत सारतो. दुसरे यंत्र श्रेडर. त्यात जड हातोडे किंवा दातेरी चकत्या फिरतात आणि जुन्या गाडीच्या सांगाड्याचेही तुकडे होतात. पुढे चुंबक लोखंड वेगळे काढते.

यंत्राला सळई आणि हात यातला फरक कळत नाही. चालू यंत्रात अडकलेला तुकडा ओढायला गेले, सैल बाही सापडली, पात्यापुढची जाळी काढून ठेवली, की घात होतो. म्हणून मेन स्विच बंद करा, त्याला कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा आणि मगच हात घाला. बंद सिलिंडर किंवा अनोळखी पेटी तोडू नका. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात, विद्यापीठाने लिलावात काढलेल्या यंत्रातून किरणोत्सारी कोबाल्ट बाहेर आले आणि एका कामगाराचा जीव गेला.

आता कागदाची गोष्ट. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४३ साली प्रा. अदारकर यांना कामगार विम्याची योजना आखायला नेमले गेले. त्यातून १९४८ चा ई.एस.आय. कायदा आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. १० किंवा अधिक कामगार आणि २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर विमा लागू होतो, मग कामगार ठेकेदाराचा का असेना. कामगाराच्या पगारातून फक्त ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. कामावर इजा झाली तर पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळते. मालकाने वर्गणी बुडवली म्हणून कामगाराचा हक्क बुडत नाही.

माता-भगिनींनो, पोरगा घरी आला की त्याला तीन गोष्टी विचारा. विमा क्रमांक मिळाला का? पगाराची पावती मिळते का? यंत्राला जाळी आहे का? विमा क्रमांक असेल तर ई.एस.आय.सी.च्या संकेतस्थळावर वर्गणी भरली की नाही तेही दिसते. आणि अपघात झालाच, तर ठेकेदार देईल ते पाचशे-हजार घेऊन कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. आधी अपघाताची नोंद करून घ्या आणि तिची प्रत घरी ठेवा.