शून्य बाइट्सचे फॉन्ट

दिवाळी अंकांची कामं सुरू झाली की जुन्या फोल्डरांना हात लागतो. पुनर्मुद्रणासाठी क्वार्कमधला वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा लेख हवा असतो. फाइल सापडते. फॉन्टवर क्लिक केलं, तर मॅक आकार दाखवतो शून्य बाइट्स. नाव शाबूत, तारीख शाबूत आणि आत काहीच नाही.

याचं कारण बहुतेक वेळा क्लाउडच्या सिंकमध्ये सापडतं. जुन्या मॅकवर एका फाइलचे दोन भाग असत, डेटा फोर्क आणि रिसोर्स फोर्क. सुटकेस प्रकारचे ट्रूटाइप फॉन्ट घ्या किंवा मॅकचे पोस्टस्क्रिप्ट टाइप 1 घ्या, सगळा ऐवज रिसोर्स फोर्कमध्ये आणि डेटा फोर्क रिकामा. फक्त डेटा फोर्क ओळखणारी सेवा हा रिकामा भागच इमानेइतबारे वर चढवते. मूळ मॅकवर फॉन्ट चालत असतो, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. मग नवा मॅक येतो, सगळं क्लाउडवरून उतरवलं जातं, जुनं यंत्र भंगारात जातं. विंडोजच्या टीटीएफ फाइलींना हा धोका नाही.

रोमन फॉन्ट गेला तर दुसरा लावून मजकूर वाचता येतो. युनिकोडपूर्व मराठीचं तसं नाही. प्रत्येक कंपनीने देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागांवर आपापल्या पद्धतीने बसवले होते. फॉन्ट गेला की संपादकीयापासून कवितेपर्यंत सगळ्याची नुसती रोमन चिन्हं उरतात. आपल्याकडे फॉन्ट जपणं म्हणजे मजकूर जपणं आहे, आणि लहान प्रकाशकांनी हे काम डीटीपीवाल्याच्या भरवशावर सोडू नये असं मला कळकळीने वाटतं.

फॉन्टचं फोल्डर क्लाउडवर तसंच टाकू नका. ज्या मॅकवर फॉन्ट धड चालतोय त्याच मॅकवर फाइंडरमधून ‘कॉम्प्रेस’ करून झिप बनवा, किंवा डिस्क युटिलिटीत डीएमजी करा. दोन्हींत रिसोर्स फोर्क टिकतो. झिप विंडोजवर उघडून पुन्हा बांधू नका. अडोबीने जानेवारी 2023 पासून आपल्या सॉफ्टवेअरमधून टाइप 1चा आधार काढला आहे, तेव्हा फॉन्टफोर्जने ओपनटाइप प्रतही करून ठेवावी. मूळ फाइल मात्र टाकायची नाही.

शिवाय प्रत्येक फॉन्टचा एक तक्ता छापा : कोणत्या कळीला कोणतं अक्षर, कोणता अर्धा वर्ण, कोणती मात्रा. कंटाळवाणं काम आहे. पण उद्या फॉन्ट गेलाच, तर या कागदावरून मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो.

शेवटी ती झिप दुसऱ्या मॅकवर उतरवा, फॉन्ट बसवा, जुन्या अंकाचं एक पान छापून जोडाक्षरं तपासा. तोवर जुना मॅक विकू नका.